जुना मोबाइल आणि बुद्धिबळाचा पट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला मुंबईकर घरी आले की दरवर्षी एखाद-दुसरा जुना मोबाइल गावात मागे राहतो. कोणी आईला वापरायला म्हणून आणलेला असतो, कोणी नवा घेतला म्हणून फडताळात ठेवून जातो. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात गेली काही वर्षं मी असे फोन गोळा करतो, पुसून-नीट करून त्यांत बुद्धिबळ घालतो आणि मुलांना, म्हाताऱ्यांना वापरायला देतो. ज्यांच्या हातात तो फोन जातो ते बहुतेक तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

माझा फोन दहा वर्षांचा आहे. त्यावर बुद्धिबळ नीट चालेल का?

चालेल, आणि उत्तम चालेल. बुद्धिबळाला चौसष्ट घरं आणि बत्तीस मोहरी लागतात. चित्र हलत नाही, गाणी वाजत नाहीत, मैदान उलगडत जात नाही. दोन चालींच्या मध्ये स्क्रीनवर काहीच घडत नाही. एक जीबी रॅमचा, व्हॉट्सॲप उघडताना धापा टाकणारा फोन पट मात्र क्षणात मांडतो.

१९८२ मध्ये झेडएक्स८१ नावाच्या घरगुती संगणकासाठी एक बुद्धिबळाचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) निघाला होता. तो अवघ्या ६७२ बाइटमध्ये बसवला होता. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करता येत नव्हता, पण डाव खेळायचा. म्हणजे तुमच्या एखाद्या लांबलचक एसएमएसमध्ये मावेल एवढ्या जागेत कोणीतरी बुद्धिबळ बसवून दाखवलं आहे. तुमचा फोन त्यापुढे राजवाडा आहे.

पण जुन्या फोनमधला खेळ कच्चा असेल ना? चांगल्या खेळाडूला त्याचा काय उपयोग?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

१९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू ह्या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. ते यंत्र सेकंदाला पटावरच्या सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं आणि दोन मोठ्या कपाटांएवढं होतं. त्यानंतर बारा वर्षांनी, २००९ मध्ये, ब्युनोस आयर्समधल्या कोपा मर्कोसूर स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ हा कार्यक्रम एका एचटीसी टच एचडी फोनवर खेळला. फोनचा प्रोसेसर ५२८ मेगाहर्ट्झचा होता. त्याने १० पैकी साडेनऊ गुण मिळवले आणि त्याची कामगिरी २८९८ रेटिंगची (खेळाडूची ताकद मोजणारा आकडा) ठरली. ही जगज्जेत्यांच्याही वरची पातळी झाली. आणि तो सेकंदाला २० हजार स्थितीसुद्धा तपासत नव्हता.

डीप ब्लूच्या दहा हजारांश वेगाने हे कसं जमलं? कोणती चाल तपासायचीच नाही हे कळण्यात प्रगती झाली होती. निरर्थक फांद्या लवकर छाटायच्या आणि उरलेल्या खोलवर बघायच्या. आमच्याकडचा जाणता बागायतदार कलमाची छाटणी करतो तसंच. फांद्या कमी राहतात, आंबा जास्त लागतो.

आज तुमच्या घरात पडलेला २०१४-१५ चा फोन त्या एचटीसीपेक्षा कितीतरी दणकट आहे. तेव्हा इंजिन, म्हणजे आतून चाली शोधणारा कार्यक्रम, आपल्याला पुरेल का ही काळजी सोडा. तालुक्यातल्या कोणत्याही माणसाला ते हरवेल.

मग कोणतं ॲप घालू?

मी ड्रॉइडफिश घालतो. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, नेट लागत नाही. आत स्टॉकफिश हे इंजिन आहे. स्टॉकफिश २००८ मध्ये ग्लाउरुंग नावाच्या इंजिनातून निघालं आणि आज जगातल्या सर्वांत ताकदवान इंजिनांत गणलं जातं. एका फोनवर दोघांनी खेळायचीही सोय त्यात आहे, संगणकाशी खेळायचीही, आणि खेळलेला डाव पुन्हा उलगडून बघायचीही.

जाहिराती नसण्याला मी फार महत्त्व देतो. दर डावानंतर तीस सेकंद भलतंच काही दाखवणारं ॲप मुलाच्या हातात दिलं तर त्याचं अर्धं लक्ष तिथेच जातं. शिवाय त्या जाहिराती नेट खातात, आणि आमच्याकडे रेंज घराच्या मागच्या दारी, फणसाखाली, एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की येते.

नवीन स्टॉकफिश चांगलं की जुनं?

जुन्या फोनला जुनं. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून त्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य स्थितींवरून स्वतः शिकलेली यंत्रणा, आलं. त्यामुळे ते बलवान झालं, पण जडही झालं. त्या नेटवर्कची फाइलच सुरुवातीला विसेक एमबीची होती, पुढे आणखी वाढत गेली. त्याआधीचं, जानेवारी २०२० मधलं स्टॉकफिश ११ जुन्या पद्धतीने विचार करतं आणि कमी रॅमच्या फोनवर हलकं पडतं. तुम्हाला आणि मला दोन्हींच्या ताकदीतला फरक कळण्याचा प्रश्नच येत नाही. ड्रॉइडफिशची जुनी आवृत्ती घेतली की तिच्यासोबत त्या काळचं इंजिन येतं.

प्ले स्टोअर उघडत नाही, किंवा हे ॲप तुमच्या फोनसाठी नाही असं म्हणतं. आता?

ही फोनची बिघाडी नव्हे. गूगलने जुन्या आवृत्त्यांचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेतला आहे. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या फोनवर २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगल खात्याने शिरताच येत नाही. अँड्रॉइड ४.४ ला प्ले सर्व्हिसेसच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून मिळत नाहीत.

उपाय म्हणजे एपीके, ॲप थेट बसवायची फाइल. नव्या फोनवर किंवा संगणकावर एफ-ड्रॉइड ह्या भांडारातून ड्रॉइडफिशची फाइल उतरवून घ्या. तिथे एकाच ॲपच्या मागच्या आवृत्त्याही ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीपुढे ती कोणत्या अँड्रॉइडपासून चालते ते लिहिलेलं असतं. आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये फोनबद्दलच्या पानावर आवृत्ती बघायची आणि तिला जुळणारी फाइल निवडायची. ती ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डाने जुन्या फोनवर न्यायची, सेटिंगमधल्या सुरक्षेच्या पानावर अज्ञात स्रोतांना परवानगी द्यायची, फाइल उघडायची. काम झालं की ती परवानगी परत काढून टाका.

कुठल्याही साइटवरून सापडेल ती फाइल घेऊ नका. एका मुलाने असंच बुद्धिबळाच्या नावाचं काहीतरी उतरवलं, तर फोन उघडल्या-उघडल्या जाहिरातींचा पाऊस पडायला लागला. सगळा फोन पुन्हा पुसावा लागला.

पॅकेज वाचता आलं नाही, पार्स एरर, असा संदेश येतो.

दोन कारणं संभवतात. फाइल तुमच्या अँड्रॉइडपेक्षा नव्या आवृत्तीसाठी आहे, किंवा ब्लूटूथने येताना अर्धवट आली आहे. आधी फाइलचा आकार मूळ फाइलशी ताडून बघा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

वायफाय जोडलंय, तरी ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो.

आधी तारीख बघा. महिनोन्महिने फडताळात पडलेल्या फोनची बॅटरी पूर्ण उतरली की त्याचं घड्याळ मागे जातं आणि तो स्वतःला २०१२ मध्ये समजतो. साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं तारखेवर चालतात, त्यामुळे फोनच्या लेखी ती सगळीच खोटी ठरतात. तारीख-वेळ हाताने नीट करा. दहातले सहा-सात फोन माझ्याकडे एवढ्यानेच सुधारले आहेत.

तारीख बरोबर असूनही अडत असेल तर कारण खोल आहे. असंख्य साइट लेट्स एन्क्रिप्ट ह्या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं वापरतात, आणि अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या फोनना त्यांचं मूळ प्रमाणपत्र ठाऊकच नाही. जुन्या फोनसाठी केलेली तात्पुरती जोडणी २०२४ मध्ये संपली. अशा वेळी फायरफॉक्सची, तुमच्या अँड्रॉइडवर चालणारी एखादी आवृत्ती घाला. फायरफॉक्स विश्वासू प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगतो, फोनच्या यादीवर विसंबत नाही.

आणि घरचं वायफाय यादीत दिसतच नसेल तर राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर नाही ना ते बघा. बरेच जुने फोन फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात.

भावाने मुंबईहून फोन पुसून पाठवला, पण तो चालूच होत नाही. त्याचंच गूगल खातं मागतो.

गणपतीनंतरच्या आठवड्यात हा प्रश्न हमखास येतो. अँड्रॉइड ५.१ पासून चोरीला आळा घालण्यासाठी ही कडी बसवली आहे. खातं आत असताना बटणं दाबून फोन पुसला, तर पुन्हा चालू होताना तो आधीच्या मालकाचं खातं आणि पासवर्ड मागतो. आम्हाला मिळालेल्या एका चांगल्या फोनचा मालक तोपर्यंत परत बोटीवर, दुबईच्या पुढे कुठेतरी पोचला होता. तो फोन पुढच्या शिमग्यापर्यंत तसाच पडून राहिला.

म्हणून देणाऱ्याने क्रम पाळावा. आधी फोटो आणि नंबर काढून घ्या. बँकेची आणि पैशांची ॲप काढा. मग सेटिंगमधल्या खात्यांच्या पानावर जाऊन गूगल खातं काढून टाका. स्क्रीनचा पॅटर्न काढा. त्यानंतर सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करा. शेवटी सिम आणि मेमरी कार्ड काढलंत का ते बघा. आणि हे सगळं गाडीत बसण्याआधी करा.

सेटिंग काय ठेवू?

थ्रेड (प्रोसेसरचे किती भाग एकदम राबवायचे ते) एक. हॅश (इंजिनाला दिलेली मेमरी) १६ एमबी. आपल्या पाळीत इंजिनाने विचार करत राहायची जी सोय असते, पाँडरिंग, ती बंद. ती चालू असली की तुम्ही चहा प्यायला उठलात तरी प्रोसेसर राबत राहतो, फोन तापतो आणि बॅटरी बघता बघता उतरते. स्क्रीनचा उजेड कमी. विमान-मोड चालू. एवढ्यावर थकलेल्या बॅटरीचा फोनही संध्याकाळ काढतो.

ताकद मात्र विचारपूर्वक ठेवा. नवशिक्याला पूर्ण ताकदीच्या इंजिनापुढे बसवणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला ऐन उधाणात लोटणं. ताकदीची पट्टी अगदी खाली आणा. मूल तीनपैकी एक डाव जिंकेल अशा जागी ती ठेवायची आणि जिंकणं वाढलं की थोडी वर सरकवायची.

एक खबरदारी. कमी ताकदीचं इंजिन माणसासारखं चुकत नाही. दहा चाली उस्तादासारख्या खेळेल आणि अकराव्या चालीला हत्ती फुकट देईल. त्यामुळे निव्वळ त्याच्याशी खेळून मुलांना वाट बघत बसायची सवय लागते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. इंजिनाची ताकद मध्यम ठेवा आणि पट मांडतानाच त्याचा वजीर काढून घ्या. ड्रॉइडफिशमध्ये हवी ती स्थिती मांडता येते. आमच्या आजोबांच्या पिढीत जाणता गडी नवख्याला असाच हत्ती किंवा वजीर देऊन खेळायचा.

आजोबा म्हणतात हा खेळच चुकीचा आहे. प्यादं दोन घरं कसं जातं?

आजोबांचंही बरोबर आहे. आमच्या पडवीत एक काका आहेत, त्यांनी पहिल्यांदा फोनवर डाव बघितला तेव्हा विचारलं, "ह्येच्यातला प्यादा दोन घरा कित्याक उडता?" ते देशी पद्धतीने खेळत आले. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होतं. हत्तीच्या घरी हत्ती, घोड्याच्या घरी घोडा. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. गावागणिक थोडे फरक आहेत.

फोनवर चालते ती आंतरराष्ट्रीय पद्धत, आणि ॲप तिचे नियम मोडू देत नाही. म्हणून देशी डाव लाकडी पटावरच खेळावा लागतो. पण देशी खेळलेल्या माणसाला नवी पद्धत जड जात नाही. पंजाबातले मीर सुलतान खान वडिलांकडून देशी पद्धतच शिकले होते. ते विलायतेला गेले आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकले. माजी जगज्जेता कापाब्लांकालाही त्यांनी हरवलं. फिडे ह्या जागतिक बुद्धिबळ संघटनेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

ही गोष्ट काकांना सांगितली तेव्हा ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "किल्लेकोट कसो करतत ता दाखव." आता आठवड्यातून चार दिवस येतात.

लहान स्क्रीनवर डोळे दुखतात. काय करू?

समोर खरा पट मांडा. फोन बाजूला ठेवा. त्याने केलेली चाल पटावर करायची, आपली चाल पटावर ठरवायची आणि मग फोनवर नोंदवायची. फोन तेव्हा फक्त समोरचा गडी होतो.

माझा सगळ्यांना आग्रह असतो की हेच करा, डोळे दुखोत न दुखोत. बोटाने मोहरं सरकवताना हात विचाराच्या आधी जातो. पटावर हत्ती उचलायला हात पुढे न्यावा लागतो, तेवढ्या वेळात चूक दिसते. शिवाय स्पर्धेत खरा पटच असतो. फक्त मोबाइलवर खेळलेली मुलं तिथे गेली की कोपऱ्यातला उंट त्यांना दिसत नाही, कारण त्यांनी पट कायम वरून, सपाट बघितलेला असतो. पट नसेल तर पुठ्ठ्यावर आखा आणि मोहऱ्यांच्या जागी नावं लिहिलेल्या बाटल्यांची झाकणं वापरा. आमच्या वाचनालयातला एक पट असाच आहे आणि तोच सगळ्यात जास्त वापरात आहे.

टचचा एक पट्टा मेलाय.

पट्टा आडवा असेल तर ऑटो-रोटेट चालू करून फोन आडवा किंवा उलटा धरून बघा. पट स्क्रीनच्या दुसऱ्या भागात जातो आणि मेलेला पट्टा बाहेर राहू शकतो. पट्टा उभा, कडेच्या लांबीने असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण पट दोन्ही वेळेस स्क्रीनची पूर्ण रुंदी घेतो. तेव्हा ओटीजीची छोटी पिन आणून संगणकाचा साधा माउस लावा. ज्या फोनला ओटीजी चालतं त्यावर बाण दिसायला लागतो आणि काम होतं.

बॅटरी फुगली आहे का, कसं ओळखू?

निघणारी बॅटरी असेल तर ती काढून सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर पोट आलं आहे. न निघणारी असेल तर पाठचं झाकण किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसते. अशी बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. फोन मुलाच्या हातून लगेच काढून घ्या. ह्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. फुगलेल्या बॅटरीचा फोन वाचनालयात एक दिवसही ठेवत नाही. अशी बॅटरी केरात, विहिरीत किंवा खाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

नवी बॅटरी घेताना शिक्का बघून समाधान मानू नका. जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात, आणि लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

समुद्राकाठी फोन लवकर खराब होतो का?

होतो. खारा वारा चार्जिंगच्या तोंडात शिरतो. आतल्या पितळी पट्ट्या हिरवट पडतात, मग चार्जर लावला तरी फोन घेत नाही. लोक म्हणतात फोन मेला. खूपदा तो जिवंत असतो, फक्त तोंड बुजलेलं असतं. फोन बंद करून मऊ, कोरड्या ब्रशने कचरा काढा. हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या ब्रशने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सुई आत घालू नका.

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी येते, तशी फोनच्या पोटातही ओल जमते. वापरात नसलेले फोन मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. चपलांच्या खोक्यांत मिळतात त्याच, जपून ठेवलेल्या.

भिजलेला फोन तांदळात ठेवला तर?

नको. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट पीठ आणि कण तोंडात जातात. फोन बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, उघडून पंख्याखाली ठेवा. खाऱ्या पाण्यात पडला असेल तर वाळण्याची वाट न बघता लगेच दुरुस्तीवाल्याकडे न्या. मीठ आत राहिलं की वाळल्यावरही पट्ट्या खात राहतं.

लाइट नसताना काय?

हाच तर ह्या फोनचा खरा हंगाम. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, टॉवरही बंद होते. मोठ्या स्क्रीनचे नवे फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विझले. एक जुना, लहान स्क्रीनचा फोन विमान-मोडवर ठेवला होता. तो दिवसातून दोन तास पटासाठी उघडायचा, तरी टिकला. त्याच दिवसांत वाडीतली चार मुलं बुद्धिबळ शिकली. वाचनालयात फोन ठेवायची कल्पना मला तिथून सुचली.

विजा कडाडत असताना मात्र फोन चार्जिंगला लावून खेळू नका. चार्जर भिंतीतून काढूनच ठेवा.

समोर खेळायला कोणी नाही आणि यंत्राशी खेळायला आवडत नाही.

एसएमएसने खेळा. मी मनापासून सांगतो, ह्यासारखा डाव नाही. मुंबईतला नातू आणि गावातली आजी, दिवसाला एक चाल. दोघांकडे आपापला पट मांडलेला असतो. प्रत्येक घराला अक्षर-आकड्याचं नाव आहे, त्यामुळे "घोडा एफ३" एवढा संदेश पुरतो. पूर्वी लोक पोस्टकार्डांवर असेच डाव खेळत आणि एक डाव वर्षभर चालायचा. ह्याला स्मार्टफोनही लागत नाही. बटणांचा फोन, जराशी रेंज, बस्स.

फक्त सिम बघून घाला. जिओचं जाळं ४जी आणि त्यापुढचंच आहे, त्यामुळे ३जीपर्यंतच्या फोनमध्ये ते सिम चालत नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडे माणसांची टंचाई नसते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी सांधून झाली की मांगरात एकाच फोनवर दोघं आलटून पालटून खेळतात आणि चौघं डोकावून चाली सांगतात. नारळी पौर्णिमेपर्यंत एक-दोघं चांगले तयार होतात.

डाव हरल्यावर इंजिनाला विचारावं का, कुठे चुकलो?

विचारा, पण लगेच नाही. आधी स्वतः डाव मागे नेऊन चुकीची चाल शोधा आणि कागदावर लिहा. मग विश्लेषण चालू करा. दोन्ही उत्तरं जुळली की तुम्ही काहीतरी शिकलात. थेट इंजिनाला विचारलं की ते चाल सांगतं, कारण सांगत नाही. मुलं मान डोलावतात आणि पुढच्या डावात तीच चूक करतात.

नेट मिळेल तेव्हा लिचेसवरची कोडी सोडवा. ती साइट फुकट आहे, देणग्यांवर चालते, जाहिराती घेत नाही, आणि तिने लाखो कोड्यांचा साठा कोणालाही उतरवून घ्यायला मोकळा ठेवला आहे. मी त्यातली सोपी, दोन चालींत मात होणारी कोडी निवडून फोनमध्ये घालून ठेवली आहेत. रेल्वेने मुंबईहून येताना रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो, तिथे सगळ्यांचे फोन मुके होतात. तेवढ्या वेळात दोन कोडी सुटतात.

मुलींना आवड लागेल का?

हा प्रश्न पालक विचारतात, म्हणून उत्तर देतो. भारतातली पहिली महिला अजिंक्यपद स्पर्धा १९७४ मध्ये झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी पुढे त्याच पटावर गाजल्या. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच क्षणी ती ग्रँडमास्टर झाली. आमच्या वाचनालयात सध्या सगळ्यात चांगली खेळते ती सातवीतली एक मुलगी आहे. तिच्या घरी फोन नाही. वाचनालयाचाच, काच तडकलेला, वापरते.

ह्याच फोनवर बँकेचं, पैसे पाठवायचं कामही करू का?

अजिबात नको. त्याला सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत नाही. पटाचा फोन पटालाच ठेवा, एसएमएसने खेळत नसाल तर त्यात सिमही नको.

दुसरे डावपेचाचे खेळ?

१९९१ मध्ये आलेल्या सिव्हिलायझेशन ह्या संगणकावरच्या राज्य उभारायच्या खेळाच्या धर्तीचा अनसिव्ह नावाचा मुक्त स्रोत खेळ आहे. चित्रं अगदी साधी, त्यामुळे कमी ताकदीच्या फोनवरही चालतो. मोठ्या मुलांना आवडतो. पण एक डाव कित्येक तास जातो, म्हणून परीक्षेच्या दिवसांत मी तो देत नाही.

माझ्याकडे जुना फोन आहे. देण्याआधी काय बघू?

चालू होतो का आणि चार्ज घेतो का, एवढंच. काच तडकलेली चालेल, कॅमेरा मेलेला चालेल, स्पीकर नसला तर उत्तमच. वर सांगितल्याप्रमाणे खातं काढून फोन पुसा. तुमच्या गावच्या वाचनालयात किंवा शाळेत विचारून बघा, कोणीतरी सांभाळायला तयार होतंच. फोनसोबत त्याचा चार्जरही द्या. बारीक पिनचे जुने चार्जर आता बाजारात शोधावे लागतात, आणि आमच्याकडे अकरा फोनांत मिळून चारच आहेत.